मे महिन्यातलं बिऱ्हाड

घरात बारा वर्षांखालचं एक जरी मूल असलं, तर मे महिन्यात त्या घरानं कुठेतरी गेलंच पाहिजे, असा कायदा विधिमंडळानं अजून केलेला नाही. तरीही तो इतक्या निष्ठेनं पाळला जातो की हेल्मेटच्या कायद्याला त्याचा हेवा वाटावा. मार्च उजाडला की सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या फाटकाशी आणि ऑफिसातल्या चहाच्या मशीनपाशी एकच प्रश्न फिरू लागतो, "मग, यंदा कुठे?" त्यावर "कुठेच नाही" म्हणणाऱ्या जोडप्याकडे लोक आधी कळवळून बघतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" या चौकशीला घाबरून महाराष्ट्रातली निम्मी बुकिंगं होत असावीत. जाण्याचं कारण मात्र प्रत्येक जण एकच सांगतो: जरा विश्रांती. माझा आक्षेप या कारणाला आहे. मूल लहान असेपर्यंत सहलीत घरकाम थांबत नाही, त्याचा पत्ता तेवढा बदलतो. आणि नव्या पत्त्यावर कुकर, वॉशिंग मशीन आणि आजी यांपैकी काहीही हाताशी नसतं. मुलांना मागे ठेवून दोघंच गेले, तर तेच घरकाम फोनवरून चालतं. हे लिहिणारी व्यक्तीही याच जमातीतली असल्यानं तिच्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा कोणी धरू नये. पुरावे तेवढे तपासून घ्यावेत.

पहिला पुरावा सामानाचा. लग्नाच्या आधी हेच दोघं एकेक सॅक पाठीला लावून चार दिवस कोकणात भटकून येत, आणि त्या सॅकमध्येही अर्धी जागा रिकामी असे. आता दोन रात्रींच्या मुक्कामाला निघताना गाडीत इलेक्ट्रिक कुकर, मऊ भाताचे तांदूळ, मूगडाळ, तुपाची बाटली, नाचणीचं सत्त्व, ताप-खोकला-उलटी-जुलाब अशा चारही दिशांची औषधं, थर्मामीटर आणि एक कळकट पांघरूण चढतं. त्या पांघरुणाशिवाय चिरंजीव झोपत नाहीत, आणि ते धुतलं तर दोन दिवस अन्नत्याग करतात. "एवढं कशाला? तिथे सगळं मिळतं," असं नवरा दाराशी उभं राहून म्हणतो; त्याचं स्वतःचं सामान म्हणजे दोन टी-शर्ट आणि एक चार्जर. "तुला मिळतं. त्याला चालेल ते मिळत नाही," असं उत्तर येतं आणि चर्चा बंद होते. चर्चा बंद झाली की डिकीही बंद व्हायला हवी, पण ती होत नाही. मग नवरा तिच्यावर गुडघा ठेवतो, आणि आत कुठेतरी तुपाच्या बाटलीचं झाकण सैल होतं.

रेल्वेनं जायचं तर काम आणखी आधी सुरू होतं. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं; १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे मे महिन्याच्या गाडीसाठी मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या आगेमागे, सकाळी आठच्या ठोक्याला दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन सज्ज बसायचं. आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग लिस्ट दिसू लागते आणि त्या घरात दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही. लहान मुलांबद्दलचं रेल्वेचं धोरण तर अनुभवी गृहस्थाला शोभेल असं आहे. पाच वर्षांखालचं मूल फुकट. पाच ते बारामधलं मूल स्वतःचा बर्थ न मागता आलं तर अर्धं तिकीट; बर्थ मागितला तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण. रेल्वेला पक्कं ठाऊक आहे की बर्थ मागितला काय आणि न मागितला काय, रात्री ते मूल आईच्याच बर्थवर आडवं झोपणार, आणि आई त्याच्या पायथ्याशी सहा इंच जागेत पहाटेची वाट बघत बसणार. तेव्हा पूर्ण तिकिटाचे पैसे मोजून आपण नेमकं काय विकत घेतो? सामान ठेवायची जागा.

यावर इतिहासप्रेमी मंडळी म्हणतील, की हे आजचं खूळ आहे. पूर्वीचे लोक थंड हवेच्या ठिकाणी खरोखरच विसाव्याला जात. इतिहास तसं सांगत नाही. महाबळेश्वर ही मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी होती. गव्हर्नरसाहेब उन्हाळ्यात तिथे जात ते कचेरी, कारकून, खानसामे आणि आया घेऊन. माल्कम, एल्फिन्स्टन या गव्हर्नरांची नावं तिथल्या पेठेला आणि पॉईंटाला अजून चिकटलेली आहेत, ती काही निवांत पडून राहिल्याबद्दल नव्हेत. बिऱ्हाड डोंगरावर न्यायचं, तिथे तीच कामं करायची आणि पावसाळ्याआधी ते खाली आणायचं, ही मूळ पद्धत आहे. आपण ती जशीच्या तशी उचलली. फक्त खानसामे आणि आया गाळल्या. त्यांची कामं आता आई करते आणि कारकुनाचं बाबा, कारण त्याचा साहेब "फक्त पाच मिनिटांचा कॉल" म्हणून त्याला वेण्णा लेकच्या काठावर पाऊण तास उभा करतो.

दुसरा पुरावा वैद्यकीय आहे. गाडी लागण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो साधारण २ ते १२ या वयात. डोळे गाडीच्या आतलं बघतात, ते त्यांना स्थिर वाटतं. आतला कान मात्र प्रत्येक वळणाची नोंद घेत असतो. दोघांचे अहवाल जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि निकाल पोटाकडून लागतो. आता निसर्गाची योजना बघा. मूल घाटात उलटी करतं तेही बाराव्या वर्षापर्यंत, आणि आई-बाबांबरोबर हौसेनं हिंडतं तेही साधारण तोवरच. तेराव्या वर्षी त्याचा कान सुधारतो आणि ते "तुम्ही जा, मी घरी थांबतो" म्हणतं. मधल्या दहा वर्षांत पसरणी घाट, खंबाटकी, आंबेनळी आणि ताम्हिणी हे मराठी आई-बाबांना निसर्गसौंदर्यासाठी आठवत नाहीत. कुठल्या वळणावर गाडी थांबवावी लागली, यावरून आठवतात. उपायही घरोघर ठरलेले आहेत. पुढे बघ, खिडकी उघड, लिंबू हुंग, आवळासुपारी चघळ, मोबाईल खाली ठेव. यातला शेवटचा उपाय खरा कामाचा असल्यामुळे तो कोणी पाळत नाही. एक्स्प्रेस वेवर कळंबोली मागे पडायच्या आत "बाबा, आलं का?" सुरू होतं. "आलंच." "किती वेळ?" "दहा मिनिटं." ही दहा मिनिटं पाचगणीपर्यंत पुरतात. आपण मुलांना खरं बोलायला शिकवतो, ते बहुधा परतीच्या प्रवासात.

एकदा पोचलो की मजाच मजा, असं कोणी म्हणेल, म्हणून ठिकाणांकडेही वळू. माथेरान घ्या. वाहनबंदीमुळे गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि नेरळहून १९०७ पासून चालणारी छोटी गाडी तिच्या लहरीनं आणि जागा असली तर मिळते. बाबागाडी लाल मातीत रुतते, घोड्यावर बसायला मूल रडतं आणि उतरायला त्याहून जास्त रडतं. पॅनोरमा पॉईंटवर पोचल्यावर आई-बाबा दरीकडे हात करून "बघ, बघ!" म्हणत असतात आणि मूल पायाशी चाललेला मुंगळा बघत असतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ पासून हम्बोल्ट पेंग्विन पाहायला मिळतात. त्यांना १६ ते १८ अंशांत ठेवलेलं असतं. मे महिन्यात काचेबाहेर घामानं निथळणारे पालक त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघतात, तिला प्राणिप्रेम म्हणता येणार नाही. मूल तोवर कुल्फीवाल्याच्या दिशेनं निघालेलं असतं. आणि हे सगळं तुम्ही बुधवारी आला नसाल तर, कारण बुधवारी बाग बंद असते. हॉटेलात मुलाला सर्वांत आवडते ती लिफ्ट. दुसऱ्या क्रमांकावर बाथटब, तिसऱ्या क्रमांकावर रिसेप्शनला फोन लावणं. परतल्यावर आजी विचारते, "काय काय बघितलंस?" मूल डोळे विस्फारून सांगतं, "आजी, एक कुत्रा होता!" तसले कुत्रे आपल्या गल्लीत सहा आहेत.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो: पालकांचे हाल होऊ देत, पण मुलांना आयुष्यभराच्या आठवणी मिळतात. दुर्दैवानं विज्ञान इथेही पालकांच्या बाजूनं उभं राहत नाही. मोठेपणी माणसाला आठवणारी सर्वांत जुनी गोष्ट साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. म्हणजे दीड वर्षाच्या बाळाला काश्मीरला नेऊन बर्फावर बसवल्याची आठवण फक्त दोघांना राहते: आईला आणि बँकेला. पुढच्या वयाबद्दल डॅनिएल कानेमन या नोबेलविजेत्या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की अनुभवाची आठवण त्याच्या सगळ्या मिनिटांची सरासरी काढून बनत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, यांवर ती ठरते. हा नियम आपल्या सहलीला लावून बघा. सर्वांत तीव्र क्षण म्हणजे घाटातलं ते वळण. शेवट म्हणजे रविवारी रात्री टोलनाक्यापुढची रांग, मागच्या सीटवर "मला शू" आणि पुढच्या सीटवर "तुला सांगितलं होतं, सकाळी निघू या." चांगल्या आठवणी हव्याच असतील तर शेवटच्या अर्ध्या तासावर खर्च करावा. घराजवळच्या दुकानात थांबून सगळ्यांना आईस्क्रीम द्यावं आणि आधीचे तीन दिवस वगळावेत.

बरं, मग मुलांना ठेवून दोघंच जा, असं सल्लागार सांगतात. हे सल्लागार बहुधा अविवाहित असतात किंवा त्यांची मुलं परदेशी असतात. दोघांनीच जायचं, तर आधी आजी-आजोबांना विचारावं लागतं, आणि आजी-आजोबांना आता वेळ नसतो. त्यांची ज्येष्ठांची सहल, भिशी, योगवर्ग आणि गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख यांतून दोन दिवस निघाले, की त्यांच्या हाती सूचनांचे चार कागद दिले जातात. दूध किती कोमट, गोष्ट कोणती, ती सांगताना राक्षसाचा आवाज किती मोठा. जिनं स्वतः तीन मुलं वाढवली ती आजी हे कागद चष्मा लावून वाचते, घडी घालून डब्याखाली ठेवते आणि म्हणते, "जा गं निवांत." त्या 'निवांत'मध्ये जी धार असते ती निघालेल्या सुनेला मांडव्यापर्यंत टोचत राहते.

मांडव्यापर्यंत म्हणायचं कारण असं, की दोघांची ही सहल बरेचदा अलिबागकडे जाते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली. गाडी बोटीत चढवली की साधारण तासाभरात पलीकडे. या तासात दोघं डेकवर उभी राहतात. वारा असतो, समुद्र असतो, हातात कॉफी असते. कित्येक वर्षांनी मधेच कोणी न तोडता बोलायची संधी मिळते आणि पहिलं वाक्य येतं, "त्यानं खाल्लं असेल का?" "खाल्लं असेल." "आईंना सांगितलं होतं ना, वरण पातळ लागतं?" "कागदावर आहे." मग शांतता. मग, "एकदा फोन करून बघू या?" व्हिडिओ कॉल लागतो. पडद्यावर आधी आजोबांचं कपाळ, मग पंखा, मग क्षणभर चिरंजीव. "बाळा, आईची आठवण येते का?" "नाही. मी खेळतोय. ठेवू?" हा घाव वर्मी बसतो. संध्याकाळी काशीदच्या किनाऱ्यावर सूर्यास्त होत असताना दोघं पाठीला पाठ लावून मोबाईलमधले मुलाचे जुने फोटो बघत असतात. रात्री मऊ गादी, थंड खोली, पूर्ण शांतता. आणि पहाटे साडेपाचला दोघंही टक्क जागी, कारण त्या वेळी कोणीतरी पोटावर उडी मारायची शरीराला सवय झालेली असते. दुसऱ्या दिवशीच्या खरेदीत मुलासाठी चार वस्तू, आजीसाठी पांढऱ्या कांद्याची माळ आणि स्वतःसाठी काही नाही. एक रात्र उरलेली असताना "आपण आजच निघू या का?" हे कोणी आधी म्हणायचं, एवढाच प्रश्न राहतो. घरी आल्यावर आजीचा अहवाल तयार असतो: "अगदी शहाण्यासारखा राहिला. तुम्ही नसलात की काही त्रास देत नाही बाई."

याचा अर्थ लोक वेडे आहेत आणि दरवर्षी पैसे खर्चून हाल विकत घेतात, असा कोणी काढेल. तसं नाही. २०१० साली नेदरलँड्समधल्या १५३० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले, पण कधी? जाण्यापूर्वी. परतल्यावर दोघांत बहुतांशी फरक उरला नाही. अपवाद फक्त ज्यांची सहल अतिशय आरामात झाली त्यांचा, आणि त्यांचा आनंदही पहिल्या दोन आठवड्यांपुरताच होता. आपल्या आई-बापांना हे अभ्यासाविना कळलेलं आहे. नकाशे बघणं, हॉटेलांचे फोटो बघणं, "स्विमिंग पूल आहे का?" असं विचारणं, नवीन टोपी घेणं, यात जी मजा आहे ती पुढे कशातच नाही. तर्कानं बोलायचं तर सगळी तयारी मन लावून करावी आणि आदल्या रात्री जाणं रद्द करावं. हे व्यवहारात जमत नाही, कारण हॉटेलवाला आगाऊ रक्कम परत देत नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवून झालेलं असतं.

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे आणि तो माणसं पांगवण्याचा आहे. मामाच्या गावाची प्रथा चालली ती तिथली हवा थंड होती म्हणून नव्हे. बहुतेक मामांची गावं आपल्यापेक्षा कडक उन्हात असत. तिथे आईला माहेर मिळे, मुलांना विहीर, आमराई आणि इतर डझनभर मुलं मिळत, आणि बापाला रिकामं घर मिळे. प्रत्येकाला दुसऱ्यापासून सुटका मिळत होती, हे त्या व्यवस्थेचं मर्म. यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की आता मामा आणायचा कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. एकुलत्या एक मुलीच्या मुलांना गाव सोडाच, मामाच असणार नाही. आणि जे मामा शिल्लक आहेत ते बंगळुरूत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या मुलांना कुठे पाठवावं या विवंचनेत आहेत. दुसरा आक्षेप असा, की पूर्वीही ही व्यवस्था फुकट चालत नव्हती. गाण्यांतून आणि निबंधांतून मामाचं कौतुक झालं. पंधरा पोरांच्या भाकऱ्या मामीनं थापल्या. सगळ्यांची सुट्टी तिच्या चुलीपुढे साजरी झाली आणि तिला मात्र तिच्या माहेरी जायला पंचमी उजाडावी लागली.

तेव्हा माझा निवाडा असा. मुलांना मे महिन्यात पाणी लागतं आणि बरोबरीची मुलं लागतात. एक टब आणि शेजारची चार पोरं यात ते भागतं. आई-बाबांना लागते झोप, आणि ती स्वतःच्या पलंगावर सर्वांत चांगली लागते. म्हणून जायचंच तर जवळ जा, कमी दिवस जा, रजेचा शेवटचा दिवस घरी झोपायला राखून ठेवा. दोघांनाच निवांतपणा हवा असेल तर मुलांना आजोळी, आत्याकडे, मावशीकडे, जो मिळेल त्या नातेवाइकाकडे पाठवा आणि तुम्ही घरीच राहा; दाराला आतून कडी लावा, सोसायटीत अलिबागला गेलो म्हणून सांगा. पुढच्या मे महिन्यात त्यांची मुलं तुमच्याकडे घ्या, तक्रार न करता. आणि मुलं पाठवण्याचं मामाशी ठरलं असलं, तरी फोन ठेवण्याआधी मामीला विचारा.